पाणबुडीले पत्रा किती जाड लागते?

राजेहो, समुद्र आपल्यापासून लय दूर आहे. पण भंडारा-गोंदियात तलावांची कमी नाही आणि ट्रॉल्या, टँकर बनवणारी वेल्डिंगची दुकानं तर गावोगावी आहेत, त्यामुळे एका माणसापुरती पाणबुडी बनवायचं कोणाच्या डोक्यात आलंच तर मला नवल वाटणार नाही. परदेशात हौशी लोक घरच्या शेडमध्ये बनवतात. पहिला प्रश्न हाच येतो की पत्रा किती जाड घ्यायचा, आणि दुकानात विचारलं तर उत्तर येईल, "टाका ना भाऊ दोन सूत, मजबूत होते!" दोन सूत म्हणजे सव्वासहा एमएम, आपण 6 धरू.

आता हिशोब. पाण्यात दर 10 मीटरला 1 बार दाब वाढतो, म्हणजे एका चौरस मीटरवर जवळपास 10 टन वजन. समजा 1.2 मीटर व्यासाचा लांब सिलेंडर आहे आणि 30 मीटर खोल जायचंय, तर दाब झाला 3 बार. पत्र्यातला ताण काढायला दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, उत्तर येतं चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन. साधं माइल्ड स्टील 250 पर्यंत तग धरतं. म्हणजे आठपट मजबूत! या हिशोबानं तर 2 एमएमचा पत्राही चालून जाईल. आणि इथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते, कारण हे गणित टँकरसारख्या आतून दाब असलेल्या टाकीचं आहे.

आतून दाब असला की टाकी आपोआप गोल व्हायला पाहते, कुठं थोडी चपटी असली तरी दाबच तिला सरळ करतो. बाहेरून दाब असला की उलटं, जिथं थोडा चपटेपणा आहे तिथंच दाब आणखी आत ढकलतो, मग ती जागा आणखी चपटी होते, आणि एका मर्यादेनंतर एका क्षणात सगळं चेपतं. तेलाचा पिपा थोडं पाणी टाकून उकळला, वाफ भरल्यावर चुलीवरून उतरवून झाकण घट्ट लावलं आणि वरून थंड पाणी ओतलं की कसा चेपतो ते शाळेत पाह्यलं असेल. तिथं बाहेरून फार तर 1 बार दाब असतो, म्हणजे फक्त 10 मीटर पाण्याएवढा. याला इंजिनिअर बकलिंग म्हणतात. यात लोखंडाची ताकद मोजायची नसते, त्याचा ताठपणा मोजायचा असतो, आणि लांब सिलेंडर किती दाबात चेपेल ते जाडी भागिले त्रिज्या याच्या घनावर अवलंबून असतं.

आपला 6 एमएमचा सिलेंडर आतून रिंगा न लावता या सूत्रात टाकला तर उत्तर येतं साधारण अर्धा बार, म्हणजे साडेपाच मीटर पाण्यात खेळ खलास. 2 एमएमचा पत्रा तर वीतभर पाण्यातच चेपेल. जाडी दुप्पट करून 12 एमएम केली तर ताकद आठपट होऊन कागदावर 44 मीटर येतात. महागडं हाय टेन्साइल स्टील आणलं तरी इथं काही फरक पडत नाही, कारण ताठपणा सगळ्या स्टीलचा जवळपास सारखाच असतो. हे बऱ्याच जणांना पटत नाही.

मग जाडीच वाढवत जायची काय? तर नाही, रिंगा टाकायच्या. 1858 मध्ये विल्यम फेअरबेर्न या ब्रिटिश इंजिनिअरनं बॉयलरच्या आतल्या धुराच्या नळ्यांवर प्रयोग केले, त्या नळ्यांवर वाफ बाहेरूनच दाब देते, आणि त्याला दिसलं की नळी जितकी लांब तितकी ती कमी दाबात चेपते, लांबी दुप्पट तर दाब अर्धा. म्हणून मधेमधे ताठ रिंग लावली की पत्र्याला वाटतं आपण तुकड्या-तुकड्यांतच आहोत. आपल्याच 6 एमएमला दर 40 सेंटीमीटरवर रिंग दिली तर कागदावर बकलिंगचा दाब 25 बारच्या वर जातो! मात्र रिंगेची पट्टी पत्र्यावर काटकोनात उभी वेल्ड करायची, आडवी चिकटवली तर ती पत्र्याला फारसा आधार देत नाही.

कागद आणि शेड यात फरक असतो तो गोलाईचा. रोलिंग मशीनमधून आलेला पत्रा जोडाजवळ सपाट राहतो, वर वेल्डिंगनं आक्रसतो. साधारण नियम असा की गोलाईतला फरक त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्यात हवा, म्हणजे आपल्याकडे 3 एमएम. म्हणून गोलाई मोजायचं गेज घेऊन दर हातभर अंतरावर तपासायचं, कारण पत्रा दोन एमएमनं जास्त जाड घेण्यापेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं.

वजनाची भीती नको. 3 मीटर लांबीचा हा सिलेंडर 3.4 टन पाणी बाजूला सारतो आणि 6 एमएमचा खोका साधारण साडेसहाशे किलोचा, बुडवायला शिसं भरावंच लागणार. त्यामुळे शंका असेल तर 8 घ्या, गंजाचाही भाग निघून जातो, फक्त शिसं तळाला ठेवता येतं तसं पत्र्याचं वजन ठेवता येत नाही.

खूप खोल जायचं तर सिलेंडर सोडून गोळाच, त्यात ताण निम्मा पडतो. आपल्या चेन्नईच्या एनआयओटीची (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) मत्स्य 6000 ही पाणबुडी 6000 मीटरसाठी आहे, 2.1 मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, भिंत 80 एमएम. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला जाताना आत चेपून फुटलेल्या टायटन पाणबुडीची भिंत तर 127 एमएम होती, पण कार्बन फायबरची आणि सिलेंडरची. जाडी तिथं कमी नव्हती.

आणि कितीही हिशोब केला तरी पहिली बुडी रिकामीच, दोरानं, ठरवलेल्या खोलीपेक्षा निदान सव्वापट खाली.