सीमेपलीकडून गाय-म्हैस आणताना: आरोग्य दाखला, ब्रुसेलाची तपासणी आणि लागणारी कागदपत्रं

कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, कागवाड, खानापूर या सीमेलगतच्या पट्ट्यात जनावर विकत आणायचं म्हटलं की निम्म्या वेळा राज्याची हद्द ओलांडावी लागते. पेठ वडगावचा बाजार, मिरजेचा बाजार, नाहीतर थेट हरियाणातून ट्रकनं आलेल्या म्हशी. व्यवहार ठरतो तो कास, दूध आणि दात बघून. कागद म्हणजे वाटेत कुणी अडवलं तर दाखवायचा, एवढीच त्याची किंमत.

मीही तेच केलं होतं. एका हेड्याकडून (जनावरांच्या दलालाकडून) सहा महिन्यांची गाभण एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय घेतली. कानात बिल्ला होता, दाखला व्यवस्थित होता. सातव्या महिन्यात ती गाभडली (गर्भ पडला), वार अडकली. पुढच्या चार महिन्यांत दावणीतल्या आणखी दोघी गाभडल्या. मग रक्त तपासलं आणि ब्रुसेला (ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरं गाभडवणारा संसर्गजन्य रोग) निघाला. दाखला खोटा नव्हता. त्यात ब्रुसेलाबद्दल एक अक्षरही नव्हतं, आणि मी तो वाचलाच नव्हता.

दाखला काय सांगतो, काय सांगत नाही

वाहतुकीसाठी जो आरोग्य दाखला मिळतो, त्यात डॉक्टर एवढंच लिहून देतात की आज पाहिलं तेव्हा जनावर प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य रोगाची लक्षणं दिसत नाहीत आणि अमुक लसी झालेल्या आहेत. ब्रुसेलाची गाय दिसायला ठणठणीत असते. खाते, पिते, दूध देते. रोग गर्भाशयात आणि कासेत दबा धरून बसतो आणि गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वर येतो. त्यामुळे दाखला आणि रक्ततपासणीचा अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत. दाखल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणून तो सगळे घेतात. अहवाल बहुतेक वेळा कुणी मागत नाही, तो आपणच मागायचा असतो.

कायदा थोडक्यात

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी केंद्राचा २००९ चा कायदा आहे आणि तो महाराष्ट्र, कर्नाटक दोन्ही राज्यांत लागू आहे. त्याच्या यादीत ब्रुसेलोसिस आहे. आपल्या जनावराला यादीतला रोग असल्याचा संशय आला तर कळवणं ही मालकाचीच जबाबदारी. राज्य सरकार एखादा भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. मग तिथून जनावर हलवणं, बाजार, यात्रा, प्रदर्शन यांवर बंधनं येतात. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत हे आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणून इसार देण्याआधी दवाखान्यात एकच प्रश्न विचारावा: सध्या या बाजूनं जनावर आणण्यावर काही आदेश आहे का? बाजारात विचारू नका, तिथे उत्तर कायम 'काही नाही, आणा' हेच असतं.

गाडीसाठी १९७८ चे वाहतूक नियम आहेत. साध्या ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत, सोबत एक माणूस हवा, आणि पशुवैद्यकाचा दाखला हवाच. शिवाय कर्नाटकात २०२० चा गोहत्याबंदीचा कायदा जानेवारी २०२१ पासून लागू असल्यानं गायी-बैलांची गाडी जास्त बारकाईनं बघितली जाते. जनावर दुधासाठी घेतलंय हे दाखवणारी पावती जवळ नसेल तर रात्र रस्त्यावर काढायची तयारी ठेवा.

शेत एका राज्यात आणि गोठा दुसऱ्या राज्यात, असे लोक आपल्याकडे खूप. शिनोळीच्या बाजूला तर बांध ओलांडला की राज्य बदलतं. पायी नेण्याचे २००१ चे नियम पाच किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतराला लागू होतात, रोज चारायला नेणाऱ्याला त्यांची काळजी नको. मात्र लांब चालवत नेणार असाल तर नुकतीच व्यालेली (७२ तासांच्या आतली), वाटेत विण्याची शक्यता असलेली, आजारी किंवा लंगडी जनावरं नेता येत नाहीत.

अर्ज कुणी करायचा आणि कुठे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दाखला जनावर जिथे उभं आहे तिथल्या सरकारी पशुवैद्यकाकडून मिळतो. वडगावला बांधलेल्या गाईचा दाखला निपाणीचे डॉक्टर देणार नाहीत, आणि दिला तर तो घेऊ नका, न बघता दिलेला कागद आहे तो. महाराष्ट्रातून घेताना अर्ज तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, शक्यतो विकणाऱ्यानं करायचा. कारण बिल्ला त्याच्या नावावर असतो. तुम्ही करणार असाल तर विक्रीची पावती आणि विकणाऱ्याची सही सोबत लागते.

कागदपत्रं फार नाहीत. दोघांची आधार कार्डं, बाजार समितीची पावती किंवा घरगुती व्यवहार असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचं खरेदीपत्र, जनावराचा बिल्ल्यासकट फोटो, लसीकरणाची नोंद, गाडीचा नंबर आणि चालकाचं लायसन्स. विमा किंवा बँकेचं कर्ज काढायचं असेल तर त्याचा आरोग्य दाखला वेगळा असतो, वाहतुकीचा तिथे चालवून घेत नाहीत.

पात्रतेत खरी अट बिल्ल्याची. कानातला तो पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. नंबर 'भारत पशुधन' या ऑनलाइन नोंदवहीत टाकला की जनावराचं वय, मालक, झालेल्या लसी दवाखान्यातल्या माणसाला दिसतात. तेव्हा फोटो काढताना तोंड आलं नाही तरी चालेल, नंबर स्पष्ट आला पाहिजे. आणि नंबर प्रत्यक्ष जनावराच्या कानाशी ताडून बघा. तुटलेला बिल्ला दोऱ्यानं बांधलेलंही मी पाहिलंय.

कन्नड फॉर्म बघून घाबरू नका

आपल्या बाजूचा फॉर्म कन्नडमध्ये असतो, आणि 'तुम्ही भरा हो' म्हणत कोरा कागद सही करून देणारे खूप आहेत. मोजके शब्द ओळखता आले तरी पुरतं. जानुवारु म्हणजे जनावर, आकळु म्हणजे गाय, एम्मे म्हणजे म्हैस, करु म्हणजे वासरू, लसिके म्हणजे लस, किवियोले म्हणजे कानातला बिल्ला. कालुबायी ज्वर म्हणजे लाळ-खुरकूत. आणि आपल्या कामाचा शब्द आहे कंदु रोग, म्हणजे ब्रुसेलोसिस. 'कंदु' म्हणजे गाभडण्याचाच रोग. लसीच्या रकान्यात कालुबायीपुढे तारीख आणि कंदु रोगापुढे रिकामी जागा दिसली तर तिथेच थांबून विचारा.

तपासणी: आधी लसीची तारीख, मग रक्त

ब्रुसेलाची सरकारी लस (एस-१९) फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या पारड्यांना, म्हणजे मादी वासरांनाच देतात, आयुष्यात एकदाच. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती मोफत आहे. खोंडांना देत नाहीत, गाभण जनावरांना तर नाहीच. लस जिवंत जंतूंची असल्यानं टोचणाऱ्याला सुई लागली तर त्याला ताप येऊ शकतो. म्हणून ती दुकानातून आणून घरी टोचायची नाही.

या लसीनं तपासणीत घोळ होतो. टोचलेल्या कालवडीच्या रक्तात काही महिने प्रतिद्रव्यं राहतात आणि साधी तपासणी 'पॉझिटिव्ह' दाखवू शकते. वेळेत टोचलेली असेल तर मोठी होईपर्यंत ती बहुतेक उतरतात, उशिरा टोचली असेल तर चिकटून राहतात. म्हणून रक्त काढण्याआधी नोंदवहीतली लसीची तारीख डॉक्टरांना सांगा. नाहीतर चांगली कालवड हातची जाईल, किंवा 'अहो ती लसीमुळे आलीय' असं म्हणत हेडी खरी रोगी गाय गळ्यात मारेल. दोन्ही होतं.

प्रत्यक्षात पहिली तपासणी रोझ बंगाल नावाची. थेंबभर रक्तद्रव आणि थेंबभर गुलाबी अँटिजेन (तपासणीचं द्रावण) पाटीवर मिसळतात, चार मिनिटांत गुठळ्या धरल्या तर संशय पक्का. तिथे शंका आली की नमुना एलायझा या दुसऱ्या रक्ततपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. कर्नाटकात बेंगळुरूची हेब्बाळची पशुआरोग्य संस्था आणि येलहंक्याची निवेदी (जनावरांच्या रोगांवरची राष्ट्रीय संस्था) ही या कामातली मोठी ठिकाणं, पण नमुना आपण नेऊन द्यायचा नसतो, तालुक्याच्या पशु वैद्याधिकाऱ्यांमार्फत जातो. रक्त साध्या नळीत, गोठू द्यायचं, बर्फाच्या डब्यात. दुधाची वर्तुळ चाचणी गोठ्याचा अंदाज घ्यायला स्वस्त आणि सोपी, पण चीक किंवा कासदाहाचं दूध असेल तर ती फसवते.

व्यवहारात ही तपासणी बसवायची कशी? इसार द्या, पण खरेदीपत्रावर एक ओळ लिहून घ्या: 'ब्रुसेलाची तपासणी पॉझिटिव्ह आल्यास इसार परत.' चांगल्या माणसाचं जनावर असेल तर तो सही करतो. ज्यानं भांडण काढलं त्याच्याकडून मी त्या दिवशी घेतलं नाही. पुढे तीच गाय कागलला गाभडल्याचं कानावर आलं, खरं-खोटं त्यालाच माहीत.

आणि एक तपासणी पुरत नाही. नुकती लागण झालेलं जनावर पहिल्यांदा निगेटिव्ह येतं. आणल्यावर निदान ३० दिवस वेगळं बांधा. वेगळी दावण, वेगळी बादली, शक्य तर वेगळा माणूस, आणि मग दुसरी तपासणी. गाभण कालवड असेल तर व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण काही कालवडींत लहानपणीची लागण पहिल्या वेतापर्यंत रक्तात दिसतच नाही.

पॉझिटिव्ह निघाली तर

औषधानं बरी करता येत नाही. बाजारात नेऊन विकायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. तो रोगाला पुढच्या गावी पोचवतो आणि फिरून तो आपल्याच बाजारात येतो. वेगळी ठेवा, दवाखान्यात नोंद करा, वळू दाखवू नका, विण्याची जागा वेगळी ठेवा आणि गोठ्यातल्या मादी वासरांना वेळेवर लस द्या. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. हातमोजे घालून नमुना डॉक्टरांना द्या, बाकी खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा. दूध उकळूनच. घरातल्या कुणाला संध्याकाळी चढणारा ताप, घाम आणि सांधेदुखी आठवड्यामागून आठवडे चालू राहिली तर डॉक्टरांना गोठ्यात काय घडलं ते सांगा. टायफॉइड समजून औषधं चालू राहतात आणि खरा रोग मागे राहतो.

वळूचं काय?

गाय गाभडत नाही पण पुन्हा पुन्हा उलटते (गाभ न राहता परत माजावर येते), असं गोठ्यात तीन-चार जणींचं होत असेल आणि गावात सोडलेला वळू असेल, तर ब्रुसेलापेक्षा ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टरकडे बघायला हवं. हे जंतू वळूच्या लिंगाच्या त्वचेत राहतात, वळूला काहीच होत नाही, विशेषतः चार वर्षांवरचा वळू आयुष्यभर वाहक राहू शकतो. गाय मात्र काही महिने वळूपासून लांब ठेवली तर बहुतेक वेळा आपोआप मोकळी होते. वळूची तपासणी आतल्या त्वचेच्या धुवणाची, आणि ट्रायकोमोनाससाठी आठवड्याच्या अंतरानं तीनदा निगेटिव्ह आल्यावरच त्याला मोकळा म्हणतात. देवाला सोडलेल्या बसवण्णाला धरून हे करणार कोण, हा प्रश्न मी आमच्या पंचायतीत विचारला होता. सगळे हसले. सरकारी वीर्यकेंद्रातल्या वळूंची या रोगांसाठी ठरलेल्या मुदतीनं तपासणी होते, म्हणून मी तरी कृत्रिम रेतनावरच आहे.

आणलेलं जनावर महिनाभरानं दुसऱ्या तपासणीत निगेटिव्ह निघालं की एक काम उरतं: बिल्ल्यावरचं नाव बदलणं. आधार कार्ड, खरेदीपत्र आणि दोन्ही अहवाल घेऊन आपल्या दवाखान्यात जा, नोंदवहीत मालकाचं नाव तुमचं करून घ्या. नाहीतर पुढे लस, विमा, नुकसानभरपाई सगळं वडगावच्या माणसाच्या नावावर जातं. दवाखाना लांब असेल किंवा जनावर अडलं असेल तर १९६२ या नंबरवर फोन करा, फिरता दवाखाना येतो. फोन उचलणारा कन्नडमध्ये बोलेल, गावाचं नाव आणि 'आकळु' एवढं सांगितलं तरी त्याला कळतं.