एंडोमेट्रिओसिसमधील दाहनिर्देशक आणि बेळगाव सीमाभाग

एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, उदरपोकळीच्या आवरणावर, क्वचित आतड्यावर रुजते. जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. त्यात दाहाशी व प्रतिकारक्षमतेशी संबंधित जे घटक रक्तात कमीजास्त होतात, त्यांना दाहनिर्देशक म्हणतात. आजार समजून घेण्यासाठी ते मोलाचे आहेत, निदानासाठी मात्र तोकडे.

पाळीच्या वेळी थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे उदरपोकळीत उतरते. आजाराचे मूळ यात आहे, असे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडले. पण असे रक्त बहुतेक स्त्रियांमध्ये उतरते आणि आजार थोड्यांनाच होतो. हा फरक समजावताना प्रतिकारयंत्रणेकडे वळावे लागते. या रुग्णांत परक्या पेशी मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची मारकशक्ती मंदावलेली आढळते. भक्षकपेशी मोठ्या संख्येने जमतात, पण सफाई करण्याऐवजी इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ-अल्फा असे दाह वाढवणारे पदार्थ सोडत राहतात. त्यांच्या आधाराने चुकीच्या जागी रुजलेल्या ऊतीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि वेदना वाढते. हे सारे प्रामुख्याने उदरपोकळीतल्या द्रवात घडते. दंडातून काढलेल्या रक्तापर्यंत त्याचा पुसटसाच माग पोचतो आणि साधी सर्दी किंवा लठ्ठपणाही तेच आकडे हलवतो.

सर्वाधिक लिहून दिली जाणारी तपासणी सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची आहे. ३० युनिटच्या वरचा आकडा धरला, तर ती सुमारे निम्म्याच रुग्णांना पकडते. अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे या आजाराची जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर आकडा चढतो. आजार सुरुवातीचा असेल तर अनेकदा नॉर्मल येतो. पाळी, गरोदरपण, अंडाशयाचा कर्करोग आणि पोटाचा क्षयरोग यांतही तो वाढतो. क्षयरोग अजून सर्रास आढळतो अशा आपल्या भागात हा शेवटचा मुद्दा विसरून चालत नाही, कारण ओटीपोटाचा क्षयही वेदना आणि वंध्यत्व घेऊनच येतो.

ईएसआरवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याच्या वेगावर, तर याहून कमी भिस्त ठेवावी. रक्त कमी असले की ईएसआर आपोआप वाढतो आणि कर्नाटकात १५ ते ४९ वयोगटातल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना रक्तक्षय आहे. खानापूरच्या एखाद्या बाईला ‘ईएसआर जास्त आहे, पिशवीला सूज आहे’ असे सांगून गोळ्या दिल्या जातात, तेव्हा त्या आकड्यामागे नुसते कमी हिमोग्लोबिनही असू शकते. सीबीसी या रक्तपेशी मोजण्याच्या साध्या तपासणीतल्या न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर स्वस्तात मिळते म्हणून त्यावर बराच अभ्यास झाला, पण तेही या एका आजाराचे लक्षण नव्हे.

युरोपीय तज्ज्ञसंघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत निदानासाठी रक्तनिर्देशक वापरू नयेत असेच म्हटले आहे. खरा आधार रुग्णाच्या हकिकतीचा: दुखणे पाळीबरोबर येते का, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला त्रास होतो का, मूल राहण्यात अडचण आहे का. निपाणीत विड्या वळणारी बाई कंबरदुखीचे खापर सहज बैठकीच्या कामावर फोडते. दुखण्याच्या तारखा विचारल्याशिवाय उलगडा होत नाही. बेळगावात मेडिकल कॉलेजची रुग्णालये आहेत आणि सीमाभागातून मिरज-कोल्हापूरही जवळ पडते, त्यामुळे जाणकाराकडून योनिमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेणे आवाक्याबाहेरचे नाही. दोन्ही नॉर्मल आले तरी आजार नाकारता येत नाही. लक्षणे जुळत असतील तर पोटात दुर्बीण घालून करायच्या तपासणीआधीही संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करता येतात. मूल हवे असेल तर मात्र उपचाराची दिशा वेगळी ठरते, कारण या गोळ्यांनी गर्भधारणा थांबते.