रिपोर्टात ‘म्यूकस’ किंवा ‘म्युसिन’ लिहिलंय? आधी हे वाचा
(आमच्या इंदूरच्या लॅबमध्ये तपासणी करून घेणाऱ्यांसाठी)

रिपोर्ट घेता घेताच काउंटरवर बरेच जण त्या शब्दावर बोट ठेवतात आणि विचारतात, “हे काय आहे? काही गडबड तर नाही ना?”

म्यूकस म्हणजे जठर-आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा बुळबुळीत थर. तो प्रत्येकाच्या पोटात असतो, आणि असायलाच हवा. तो कमी पडला, भलत्या जागी दिसला किंवा गाठीत साचला, की मग विचार करावा लागतो. तुमच्या रिपोर्टातला शब्द यांपैकी कशाबद्दल आहे, ते बघू.

या बुळबुळीत थरात सुमारे ९५ टक्के पाणी असतं. त्याला चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे. प्रथिनाच्या लांब साखळीला साखरेच्या असंख्य फांद्या फुटलेल्या असतात. निम्म्याहून जास्त वजन या साखरेचंच, आणि तीच पाणी धरून ठेवते. (ही साखर रक्तातल्या शुगरच्या रिपोर्टात येत नाही. मधुमेहींनी घाबरू नये.) म्युसिनचे प्रकार ‘एमयूसी’ आणि आकड्याने ओळखतात: जठराच्या पृष्ठभागावर मुख्यतः एमयूसी ५एसी, तिथल्या खोल ग्रंथींत एमयूसी ६ आणि आतड्यात एमयूसी २ असतं. कोणतं म्युसिन कुठे सापडलं, यावर आमचं निम्मं काम चालतं.

जठर आणि अल्सर

जठरातलं आम्ल १ ते २ पीएचचं असतं (पीएच हे आम्लतेचं माप: आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली), तरी जठराची भिंत जळत नाही. पेशींनी सोडलेलं, आम्ल मारणारं बायकार्बोनेट म्यूकसच्या थरात अडकून राहतं आणि भिंतीलगतचा पीएच ७ च्या आसपास टिकतो. हे संरक्षण मोडणारे मुख्य दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो युरियापासून अमोनिया बनवतो, त्यामुळे भोवतालचं आम्ल मवाळ होतं, म्यूकस सैल पडतो आणि जंतू त्यातून पोहत भिंतीपर्यंत पोचतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी २००५ मध्ये नोबेल मिळालं. दुसऱ्या, गुडघे-कंबरदुखीच्या गोळ्या. त्या प्रोस्टाग्लँडिन (हे संरक्षण चालू ठेवणारं शरीरातलं रसायन) अडवतात, की म्यूकस आणि बायकार्बोनेट दोन्ही घटतात. इंदुरात सगळं खापर पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यावर आणि तिखट सेवेवर फुटतं. त्यांनी जळजळ होत असेल, पण अल्सर असेल तर आधी या दोघांची चौकशी करा.

बायोप्सीच्या (तपासायला काढलेल्या तुकड्याच्या) रिपोर्टात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेशिया’ असं आलं, तर जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवल्या आहेत. ते पक्कं करायला आम्ही स्लाइडला पीएएस आणि अल्शियन ब्लू असे दोन रंग देतो. जठराचं नेहमीचं म्युसिन गडद गुलाबी दिसतं. त्या गुलाबी रांगेत मधूनच एखादी पोट फुगलेली, पेल्यासारखी निळीशार पेशी दिसली, की ती आतड्याकडची, म्युसिन साठवणारी गॉब्लेट पेशी. या वाढीव स्टेनमुळेच कधी कधी रिपोर्ट उशिरा मिळतो. मेटाप्लेशियाने कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं, पण असे बहुतेक रुग्ण तिथपर्यंत जात नाहीत. पुन्हा दुर्बीण कधी घालायची, ते डॉक्टर ठरवतील.

मोठं आतडं

इथे म्यूकसचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जंतूंची वस्ती असते, आतल्या घट्ट थरात त्यांना शिरकाव नसतो. एमयूसी २ नसलेल्या उंदरांच्या आतड्याला सूज येते आणि पुढे गाठीही होतात, एवढं या एका प्रथिनावर अवलंबून आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) गॉब्लेट पेशी रित्या आणि कमी झालेल्या दिसतात. रिपोर्टात ते ‘गॉब्लेट सेल डिप्लिशन’ म्हणून येतं. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजारात त्या बऱ्याचदा शाबूत असतात. मात्र जंतुसंसर्गातही हा साठा रिकामा होऊ शकतो, म्हणून नुसत्या या एका ओळीवरून निदान करू नका. शिवाय फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) म्यूकसचा थर आक्रसून जातो. स्लाइडवर आम्हाला दिसतो तो मुख्यतः पेशींमधला साठा.

शौचाच्या तपासणीत ‘म्यूकस: प्रेझेंट’ म्हणजे आव. थोडी आव बद्धकोष्ठातही पडते. सोबत रक्त आणि पस सेल्स (पुवाच्या पेशी) असतील तर मात्र थांबू नका. आमांशाचा अमीबा एमयूसी २ ची साखळी तोडूनच भिंतीपर्यंत पोचतो. तो हलताना दिसायला नमुना अगदी ताजा लागतो. रात्री डबीत भरून सकाळी आणलेल्या नमुन्यात तो सहसा सापडत नाही.

सीए १९-९

ही रक्ताची टेस्ट. हा म्युसिनांवर बसणाऱ्या एका साखरेचा रक्तातला माग. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो, पण पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी वाढतो. आणि काही माणसांच्या शरीरात ही साखर जन्मतःच बनत नाही, त्यांचा आकडा कॅन्सर असूनही वर जात नाही. म्हणून आमच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजात आम्ही ही टेस्ट ठेवलेली नाही. शेजाऱ्याने केली म्हणून स्वतःहून करायला येऊ नका. उपचार चालू असताना डॉक्टरांनी चढ-उतार बघायला सांगितली, तर ती खरोखर कामाची आहे.

‘म्युसिनस कार्सिनोमा’ हा कॅन्सरचा एक प्रकार, म्हणजे गाठीचा निम्म्याहून जास्त भाग पेशींबाहेर साचलेल्या म्युसिनने भरलेला आहे. याबद्दल काउंटरवर विचारू नका, आमच्या पॅथॉलॉजिस्टशी बसून बोला. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बायोप्सीचा तुकडा सलाइनमध्ये नको, १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात आणा. डबीवर नाव आणि तुकडा कुठला ते लिहिलेलं असावं. आधी दुसरीकडे तपासणी झाली असेल, तर तिथल्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. नुसता जुना रिपोर्ट पुरत नाही.