टेपर वाकडा येतो? आधी शाफ्ट सरळ करा
लाकडी बाण घरी तयार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शाफ्ट (बाणाची लाकडी काडी) आणि टेपर टूल (काडीच्या टोकाला टेपर, म्हणजे निमुळता उतार, देणारे हत्यार) सोबत नेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा थोड्या दिवसांनी एकच निरोप येतो: ‘टूल वाकडं कापतंय, पॉइंट डुलतोय.’ (पॉइंट म्हणजे बाणाचे पुढचे धातूचे टोक.) टूल आमच्याकडे परत येते. आम्ही पाते तपासतो, एका सरळ शाफ्टवर चालवून पाहतो, आणि टेपर बरोबर मध्यावर येतो. मग तेच टूल परतीच्या वाटेला लागते. या येण्याजाण्यात तुमचे दिवस वाया जातात आणि अर्धवट बाण तसेच पडून राहतात. दोष बहुतेक वेळा टूलमध्ये नसतो. सरळ न केलेल्या शाफ्टवर टेपर काढलेला असतो, एवढेच.

टेपर दोन असतात हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे पॉइंटसाठी 5 अंशांचा लांबट, मागे नॉकसाठी, म्हणजे दोरी बसते त्या खाचेच्या टोपीसाठी, 11 अंशांचा आखूड. आमचे हातटूल पेन्सिलीच्या शार्पनरसारखेच चालते: एक भोक, त्यात तिरपे बसवलेले पाते. या टूलला शाफ्टचा मध्य कुठे आहे हे कळत नाही. भोकात शिरलेला टोकाकडचा दीड-दोन इंचांचा तुकडा ज्या दिशेला असेल, तीच दिशा ते धरते. त्या तुकड्यात किंवा त्याच्या लगेच मागे बाक असेल, तर फिरवताना टोक एका जागी राहत नाही. पाते एका बाजूचे लाकूड जास्त खाते, दुसऱ्या बाजूचे कमी. टेपर दिसायला गुळगुळीत आणि सुबक येतो, म्हणून शंकाही येत नाही. पॉइंट चिकटवून बाण फिरवल्यावरच खरे काय ते दिसते.

‘आधी टेपर काढतो, शाफ्ट नंतर सरळ करतो’ असे अनेक जण म्हणतात. शाफ्टच्या मधला बाक नंतरही काढता येतो. टोकाजवळचा बाक मात्र टेपर काढल्यावर हाती लागत नाही, कारण तळव्याने दाब द्यायला तिथे पूर्ण जाडीचे लाकूडच उरलेले नसते. जोर लावला तर टेपर मुळाशी मोडतो. म्हणून सरळ करायची सुरुवात टोकांपासून करा आणि मध्याकडे या.

शाफ्ट डोळ्यासमोर आडवा धरून बंदुकीच्या नळीवरून नेम धरतात तसे त्याच्यावरून पाहा आणि हळूहळू फिरवा. जिथे पाठ वर येते तिथे पेन्सिलीने खूण करा. मग सपाट काचेवर शाफ्ट लोळवा. खाली उजेडाची फट जिथे उघडमीट करते, तिथे बाक आहे. खुणेवर तळव्याचा भार ठेवून बाकाच्या उलट दिशेला सावकाश दाबा, थोडा वेळ तसेच धरा, सोडा, पुन्हा पाहा. हट्टी बाकाला गरम हवेच्या गनने शेक द्या. लाकूड हाताला चांगले गरम लागावे, पण त्याचा रंग बदलता कामा नये. शेकल्यावर दाबून धरलेला शाफ्ट थंड होईपर्यंत सोडू नका. त्यानंतर एक रात्र जाऊ द्या. लाकूड थोडे मागे फिरते, त्यामुळे सकाळी पुन्हा एकदा पाहिल्याशिवाय टूल हातात घेऊ नका. पाकीट उघडल्यावर शाफ्ट काही दिवस त्याच खोलीत मोकळे ठेवले तर हा मागे फिरण्याचा त्रास कमी होतो, कारण लाकूड तिथल्या हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेते.

शाफ्ट सरळ असूनही टेपर बाजूला जाऊ शकतो, आणि त्याचे कारण बहुधा मापाचे असते. 5/16, 11/32 आणि 23/64 इंच ही जाडीची तीन मापे मिलिमीटरमध्ये साधारण 7.9, 8.7 आणि 9.1 होतात. फरक इतका बारीक आहे की 5/16 चा शाफ्ट 23/64 च्या भोकात सहज जातो, आणि आत गेल्यावर डुगडुगतो. मग तुमचा हात जिकडे ओढेल तिकडे टेपर जातो. टूल मागवताना आम्ही शाफ्टचे माप पुन्हा विचारतो ते यासाठीच. एका मापाचे टूल सगळ्या शाफ्टना चालवण्याची काटकसर आम्ही कुणाला सुचवत नाही.

आता कापणे. शाफ्टचे टोक बारीक दातांच्या करवतीने, शाफ्ट फिरवत फिरवत, काटकोनात कापा. पक्कडीसारख्या कटरने चिमटले तर तंतू चिरडतात आणि टेपरच्या टोकालाच लाकूड फुटते. टूल शिकंज्यात धरा आणि शाफ्ट फिरवा. दाब अगदी हलका ठेवा. पाते धारदार असेल तर साल पातळ आणि सलग निघते. भुसा पडू लागला किंवा टेपरवर लाटा उठल्या, तर धार गेली असे समजा. अशा वेळी जोर वाढवू नका, पाते बदला. बोथट पात्यावर जोर लावणे हे टेपर बाजूला जाण्याचे आणखी एक कारण आहे. सुटी पाती आम्ही कायम ठेवतो. डझनभर शाफ्ट करायचे असतील तर एक जादा पाते सोबत मागवावे, म्हणजे काम मध्येच अडत नाही.

ड्रिलला शाफ्ट जोडून टूलमध्ये फिरवू नका. लांब, बारीक लाकूड वेगात फिरले की मध्ये झोके घेते, टोक भोकात थरथरते, आणि शाफ्ट मोडला तर तुकडे अंगावर येतात.

ज्यांना एका वेळी बरेच बाण करायचे आहेत त्यांनी डिस्क सँडर (पॉलिश पेपर लावलेली फिरती तबकडी) आणि कोनाची जिग (शाफ्ट ठरलेल्या कोनात धरणारा साचा) घ्यावी. 120 ते 150 नंबरचा पॉलिश पेपर लावा, तबकडीचा खाली उतरणारा अर्धा भागच वापरा, आणि शाफ्ट हाताने सावकाश, सलग फिरवा. मध्ये थांबलात की तिथे सपाट चट्टा पडतो. बाकाचा नियम इथेही तोच: वाकडा शाफ्ट जिगच्या खाचेत हेलकावतो आणि टेपर लंबगोल येतो. सीडर लाकडाची धूळ नाकाला आणि घशाला झोंबते, म्हणून मास्क लावाच.

टेपर जमला की नाही, हे गोंद लावण्याआधी पाहायची सोपी रीत आहे. टेपरवर मऊ पेन्सिल चौफेर घासा, पॉइंट कोरडाच बसवा, थोडा फिरवून काढा. घासल्याची चमक सगळ्या लांबीवर आणि सगळ्या बाजूंनी दिसली तर बैठक बरोबर आहे. फक्त पॉइंटच्या तोंडाशी दिसली तर टेपरचा कोन जास्त उघडा आहे. फक्त लाकडाच्या टोकाशी दिसली तर कोन कमी पडला, किंवा टोक आत तळाला टेकते आहे. टोक तळाला टेकत असेल तर ते किंचित कापा. चमक एकाच बाजूला असेल तर टेपर मध्यावर नाही.

मग शाफ्ट काचेवर लोळवा आणि पॉइंटच्या अणीकडे पाहा. अणी वरखाली होत असेल तर ती सर्वांत वर असताना शाफ्टवर वरच्या बाजूला पेन्सिलीने रेघ ओढा. आता पॉइंट अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि लोळवा. अणीची उंच जागा अजूनही रेघेवरच असेल तर दोष टेपरचा आहे. उंच जागा पॉइंटबरोबर पलीकडे गेली असेल तर दोष पॉइंटच्या भोकाचा आहे, आणि असा पॉइंट आम्ही कुठलाही प्रश्न न विचारता बदलून देतो. या एका चाचणीने बहुतेक वाद मिटतात.

शेपटीचा लांब टेपर ही वेगळी गोष्ट आहे. मागचे 9-10 इंच 11/32 वरून 5/16 पर्यंत उतरवले की बाणाचा मागचा भाग हलका होतो, धनुष्याच्या कडेला कमी घासतो आणि बाण सुटल्यावरचे डोलणे लवकर थांबते. घरी करायचे तर लाकडाच्या ठोकळ्यात लांब खाच पाडा, त्यात पॉलिश पेपर बसवा आणि शाफ्ट फिरवत घासा: आधी पूर्ण 10 इंच, मग शेवटचे 7, मग शेवटचे 4, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीनंतर व्हर्नियरने मोजा. एकूण 0.8 मिलिमीटरच काढायचे आहेत, घाई केली तर ते पटकन ओलांडले जातात. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. पूर्ण शाफ्ट 11/32 वरून 5/16 वर आणला तर ताठपणा सुमारे 68 टक्केच उरतो. फक्त शेपूट उतरवली तर मधली जाडी शाबूत राहते आणि स्पाइन (ताठपणा दाखवणारा आकडा) थोडाच बदलतो, तरी नंतर मोजावा. 26 इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या शाफ्टला मध्यभागी 2 पौंडांचे वजन टांगून तो किती इंच वाकतो ते पाहा आणि 26 ला त्या आकड्याने भागा. 0.52 इंच वाकला तर स्पाइन 50 पौंड. आणि एक लक्षात ठेवा: शेपूट उतरवलेल्या शाफ्टला नॉक 5/16 चा लागतो. 11/32 चे नॉक मागवून परत करणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात.

हा लांब टेपर आम्ही मागणीप्रमाणे यंत्रावर काढून देतो. पॉइंटचा टेपर मात्र काढून देत नाही, आणि याबद्दल काही जण नाराज होतात. पण बाणाची लांबी तुम्ही दोरी किती मागे ओढता त्यावर ठरते, आणि आखूड कापलेला शाफ्ट पुन्हा लांब होत नाही. दुसरे म्हणजे कोणते टोक मागे ठेवायचे हे लाकडाच्या रेषा पाहून ठरवावे लागते. बाणाच्या वरच्या बाजूला दिसणारी रेषांची टोके पॉइंटकडे वळलेली असावीत, म्हणजे शाफ्ट मोडलाच तर चीर हाताकडे येत नाही. नॉकची खाच वाढीच्या रेषांना आडवी यावी. हा निर्णय एकेक शाफ्ट हातात घेऊन, आपल्या धनुष्याजवळ बसूनच नीट होतो. आम्ही शाफ्टचे गट 5 पौंडांच्या स्पाइनमध्ये आणि 10 ग्रेन (बाणाचे वजन मोजायचे बारीक एकक) वजनाच्या आत जुळवून देतो, पूर्ण लांबीचे आणि न कापलेले. ती जुळवणी टिकवायची असेल तर सगळे शाफ्ट एकाच बैठकीत कापा.

कापलेले शाफ्ट आम्ही परत घेत नाही. पण वरच्या सगळ्या चाचण्या करूनही अणी डुलत असेल, तर नुसते टूल पाठवू नका. शाफ्ट, पॉइंट आणि टूल तिन्ही एकत्र पाठवा, आणि शाफ्टवरची पेन्सिलीची रेघ पुसू नका. ती पाहूनच आम्ही काम सुरू करतो.