मुख्य करार तुटला, तर आपलं बिल कितव्या नंबरवर?
पीपीपी (सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतल्या) प्रकल्पांवर काम घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्यापैकी कुणी हायवेवर पट्टे मारतं, कुणी क्रॅश बॅरियर बसवतं, कुणी टोलनाक्याला जनरेटर आणि माणसं पुरवतं, कुणी दुभाजकातली झाडं सांभाळतं. वर्क ऑर्डर मिळते कन्सेशनर कंपनीची, म्हणजे प्रकल्प बांधून चालवायचा हक्क मिळालेल्या कंपनीची, किंवा तिच्या ईपीसी (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकत्र घेणाऱ्या) ठेकेदाराची. त्याच्या वरचा करार, म्हणजे कंपनी आणि प्राधिकरण (प्रकल्प देणारी सरकारी संस्था) यांच्यातला, आपण पाहिलेला नसतो. मागितला तर ‘तुम्हाला काय करायचंय?’ असं ऐकावं लागतं. करायचंय ते असं, की त्या करारात टर्मिनेशनचं, म्हणजे करार मुदतीआधी संपवण्याचं, एक कलम असतं आणि ते लागू झालं की तुमच्या बिलाची जागा एका दिवसात बदलते.

मागे एक ग्राहक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. तीन रनिंग बिलं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली. दोनांवर साइट इंजिनिअरची सही होती. तिसऱ्याची मापं घेतली होती, पण सहीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘ओके’. रिटेन्शन (प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम) वेगळंच अडकलेलं. प्राधिकरणाने कंपनीचा करार रद्द केला, कॅम्पला कुलूप लागलं आणि यांचा रोलर आतच राहिला. रोज यांच्यासोबत टपरीवर चहा पिणारा वॉचमन गेटमधून म्हणाला, “साहेब, वरून ऑर्डर आहे.” रोलर कंपनीचा नसून आपला आहे हे सिद्ध करायला त्यांना आरसी बुक शोधण्यापासून सुरुवात करावी लागली.

पैसा कुठून कुठे जातो

प्रकल्पाचं सगळं उत्पन्न एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला मनाप्रमाणे हात लावता येत नाही अशा बँक खात्यात, जमा होतं आणि तिथून ठरलेल्या क्रमानेच बाहेर पडतं. नियोजन आयोगाने महामार्गांसाठी केलेल्या नमुना करारात प्रकल्प चालू असताना हा क्रम असा आहे: आधी कर, मग बांधकामाची देणी, मग देखभाल-दुरुस्तीचा खर्च. बँकेचा हप्ता त्यानंतर. म्हणजे चालू प्रकल्पात देखभालीचं काम करणारा माणूस बँकेच्याही पुढे उभा असतो. म्हणूनच बिलं वेळेवर निघतात आणि आपण निर्धास्त राहतो.

करार संपुष्टात आला की त्याच खात्याला दुसरा क्रम लागतो. कर, मग बँकांच्या थकीत कर्जाचे ९० टक्के, मग प्राधिकरणाची थकीत फी, मग प्राधिकरणाचे दंड आणि दावे, मग कामातल्या दोषांसाठी राखून ठेवायची रक्कम, मग उरलेलं कर्ज, मग दुय्यम कर्ज (मुख्य कर्जानंतर फेडायचं). देखभालीची देणी त्याच्याही खाली. तिसऱ्या नंबरवरून आपण आठव्यावर येतो. तिथपर्यंत खात्यात किती उरतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यात प्राधिकरण जी टर्मिनेशनची रक्कम भरतं, तिचा हिशोब तुमच्या बिलांवरून होतच नाही. चूक कंपनीची असेल तर विम्याची रक्कम वजा करून थकीत कर्जाच्या ९० टक्के. टोल सुरू होण्याआधीच कंपनीच्या चुकीने करार तुटला, तर या नमुन्यात काहीच नाही. चूक प्राधिकरणाची असेल तर पूर्ण कर्ज आणि वर समायोजित भागभांडवलाच्या (मालकांनी घातलेल्या भांडवलाचा करारातल्या सूत्राने काढलेला आकडा) १५० टक्के. यात पोटठेकेदाराचा रकाना नाही. हे सूत्र बँकांना धीर यावा आणि त्यांनी कर्ज द्यावं म्हणून केलंय, आणि त्या हिशोबाने ते चोख आहे. आपल्याला त्याचा उपयोग नाही, एवढंच.

आणखी एक कलम बहुतेकांना ठाऊक नसतं. करार रद्द झाल्यावर प्राधिकरण तुमचं काम स्वतःकडे घेऊ शकतं. गाडी पुन्हा सुरू झाली म्हणून आपण खूश होतो. पण ताबा घेतल्याच्या तारखेपासून पुढचेच पैसे प्राधिकरण देणार. आधीची थकबाकी हा तुमचा आणि जुन्या कंपनीचा आपसातला व्यवहार, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘आज ना उद्या कंपनी केस जिंकेल’

हे वाक्य आम्ही फार ऐकतो. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं बघा. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन आणि रिलायन्स इन्फ्राच्या गटातली कंपनी यांच्यात २००८ साली ३० वर्षांचा करार झाला. २०११ मध्ये गाडी सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे बंद पडली. दोष ९० दिवसांत दूर करा, अशी नोटीस कंपनीने दिली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपवल्याचं कळवलं. जानेवारी २०१३ मध्ये सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीने गाडी पुन्हा धावू लागली! मग करार रीतसर संपला होता की नाही? लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सुमारे २,७८२ कोटी आणि व्याज दिलं. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते कायम ठेवलं, खंडपीठाने २०१९ मध्ये रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा उभं केलं आणि १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत (अंतिम निकालही दुरुस्त करण्यासाठीच्या शेवटच्या याचिकेत) परत रद्द केलं. दोष ‘दूर करणे’ आणि त्यासाठी ‘परिणामकारक पावलं उचलणे’ या करारातल्या शब्दांवर हे सगळं फिरत राहिलं. नोटिशीपासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ बारा वर्षं गेली. तुमची उसनवारी बारा वर्षं थांबणार आहे का?

आपसात समजुतीने संपलेले करारही असतात. मुंबईतल्या चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोचा करार २०१४ मध्ये असाच मिटला. कोल्हापुरात आंदोलनानंतर सरकारने टोल रद्द केला तेव्हा भरपाईचा प्रश्न सरकार आणि कंपनी यांच्यात होता. अशा वेळी टेबलावर दोनच खुर्च्या असतात, तिसरी कुणी आणत नाही.

वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी

‘आम्हाला पैसे आले की तुम्हाला देऊ’ हे वाक्य शोधा. कंपनी ते काढायला तयार नसेल, तर त्यापुढे एवढं तरी घालून घ्या: मुख्य करार कोणत्याही कारणाने संपला, तर तोवर झालेल्या कामाची संयुक्त मोजणी १५ दिवसांत होईल आणि पैसे, रिटेन्शन, बँक गॅरंटी ठराविक दिवसांत परत मिळतील. साइटवरची यंत्रं आणि पैसे न मिळालेला माल तुमचाच राहील, हेही लिहून घ्या. कंपनी कुरकुर करते, पण यंत्रांच्या कलमाला सहसा हरकत घेत नाही. ‘कारण न देता ७ दिवसांच्या नोटिशीवर काम बंद’ असं कलम असेल, तर उलट तुमचे पैसे थकले की काम थांबवायचा हक्क तुम्हीही मागा.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधीच करा. नंतरच्या नोंदणीवर वाद होतात. माल किंवा सेवा पुरवत असाल, तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लागतो का, यावर मात्र कोर्टात वाद आहेत.

करार डळमळतोय असं दिसलं तर

आधी काही लक्षणं दिसतात. बिलं रखडतात, साइटवर बँकेचे लोक फिरू लागतात, प्रकल्प व्यवस्थापक बदलतो. प्राधिकरणाने नोटीस दिली तरी करार लगेच रद्द होत नाही. चूक सुधारायला कंपनीला सहसा ६० दिवस मिळतात. बँकांना दुसरी कंपनी आणायची असेल, तर आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. हा काळ तुमच्या कामाचा आहे. उरलेली मापं एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) चढवून सही घ्या, तारीख दिसेल असे फोटो काढा, गरजेपुरतीच यंत्रं साइटवर ठेवा आणि थकबाकीचं पत्र कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत प्राधिकरणाला. प्राधिकरण पैसे देईल म्हणून नव्हे, तर तारीख नोंदली जावी म्हणून. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेलीच, तर जाहीर सूचनेतल्या मुदतीत ‘फॉर्म बी’ भरून दावा दाखल करावा लागतो, आणि तेव्हा हेच कागद लागतात.

आमच्याकडे येताना वर्क ऑर्डर, सर्व बिलं, एमबीच्या प्रती, यंत्रांची कागदपत्रं आणि बँक गॅरंटीची प्रत आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, आणि फोन बदलणार असाल तर त्याआधी बॅकअप घ्या. वर सांगितलेल्या ग्राहकांच्या तिसऱ्या बिलाला शेवटी त्या ‘ओके’चाच आधार मिळाला.