वाळवीचे सेल्युलेज

वाळवीच्या स्वतःच्या शरीरात तयार होणारे, सेल्युलोजची (लाकडातल्या मुख्य घटकाची) लांबलचक साखळी मध्येच कुठेही तोडणारे विकर (एन्झाइम). ‘स्वतःच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण तो सिद्ध व्हायला बरीच दशके गेली.

1920 च्या दशकात अमेरिकेत एल. आर. क्लीव्हलँड यांनी वाळवीच्या आतड्यातले आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) उष्णता देऊन मारले. वाळवी लाकूड कुरतडत राहिली, तरी उपासमारीने मेली. तेव्हापासून पचनाचे सारे श्रेय आदिजीवांकडे गेले. 1998 मध्ये हिरोफुमी वातानाबे व सहकाऱ्यांनी रेटिक्युलिटर्मिस स्पेराटस या जपानी वाळवीतून सेल्युलेजचे जनुक वेगळे काढले. ते लाळग्रंथींत कार्यरत होते आणि आदिजीव राहतात पश्चांत्रात (आतड्याच्या मागच्या भागात), म्हणजे उसनवारीचा प्रश्न मिटला. पुढच्याच वर्षी जनुकात इंट्रॉन (प्रथिनाची माहिती नसलेले, जीवाणूंच्या जनुकांत सहसा न आढळणारे तुकडे) आढळले, त्यामुळे जीवाणूंचाही दावा गेला. क्लीव्हलँड चुकले नव्हते. या जातीत वाळवी आणि आदिजीव दोघेही लाकूड पचवतात.

असे जनुक मिळवायला लाळग्रंथींतला आरएनए काढून त्यापासून सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) बनवतात आणि तो ई. कोलाय या जीवाणूमध्ये घालतात. खरी कटकट इथेच: प्रथिन भरपूर बनते, पण नीट घडी न पडल्याने त्याचे निरुपयोगी गोळे होतात. मग यीस्ट किंवा एसएफ9 या कीटकपेशी वापरतात. या पेशी मूळच्या स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाच्या, म्हणजे 2018 पासून आपल्याकडे मका फस्त करणाऱ्या लष्करी अळीच्याच!

गुणधर्म तपासताना विकर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज या सेल्युलोजच्या बदललेल्या रूपात मिसळतात. ठरावीक वेळाने डीएनएस (साखळी तुटून मोकळी झालेली साखरेची टोके दाखवणारे) द्रावण घालून नळी उकळत्या पाण्यात धरली, की पिवळा रंग तांबूस होत जातो. जितक्या साखळ्या तुटल्या तितका तो गडद. वेगवेगळ्या सामूला, तापमानाला हेच पुन्हा करायचे. मात्र कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज पाण्यात विरघळते, लाकूड विरघळत नाही. त्यामुळे नळीतल्या आकड्यांवरून लाकडाच्या पचनाचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरते. शिवाय हे विकर एकट्याने काम पुरे करत नाही. उरलेल्या सेलोबायोजचे (दोन ग्लुकोजच्या जोडीचे) ग्लुकोज करायला बीटा-ग्लुकोसिडेज हे दुसरे विकर लागते. तेही वाळवीतून क्लोन झाले आहे.

आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस वाळवीत हे आदिजीव नसतात. ती पाचोळ्यावर टर्मिटोमायसिस बुरशीची शेती करते, आणि त्याच बुरशीची छत्री पावसाळ्यात गोव्याच्या बाजारात अळमी म्हणून विकली जाते.