घाटात थांबलेली पद्मिनी आणि ओलं फडकं

खंबाटकी घाट अर्धा चढून झाला होता आणि आमची 1986 ची प्रीमियर पद्मिनी बंद पडली. एप्रिलातली दुपार, गाडीत चार माणसं, टपावर सामान. आधी दोन-तीनदा मिसिंग मारलं, मग इंजिन गप्पच झालं. सेल्फ मारला की फिरायचं, पण धरत नव्हतं. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडलं, फडकं ओलं करून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं आणि म्हणाला, "वाफ धरलीय दादा. जरा दम खाऊ द्या तिला." वीस मिनिटांनी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, चालवलेल्या माणसाला हे फडकं नवीन नाही. त्यामागचं कारणही खरं आहे. यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव खेचण्यासाठी केलेल्या पंपाला वाफ नीट खेचता येत नाही. पण त्या दुपारी दोन गोष्टी एकत्र घडल्या होत्या. पंपावर फडकं ठेवलं होतं आणि वीस मिनिटंही गेली होती. त्या वीस मिनिटांत पंपाबरोबर बॉनेटखालचं सगळंच थोडंफार निवलं होतं. मग गुण नेमका कशाचा?

हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पंप बदलला, आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा तशीच थांबली. यावेळी फडकं ठेवलं नाही. लगेच एक स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा प्लग, खोलला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत होतं, पेटत नव्हतं. प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपची मधली वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनच्या लोखंडापासून 6 मिलिमीटरवर धरली आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. (ही तपासणी ओला प्लग परत बसवून आणि सांडलेलं पेट्रोल पुसून, वाफ उडून गेल्यावरच करावी.)

6 मिलिमीटर एवढ्यासाठी, की प्लगची फट जेमतेम 0.6 मिलिमीटर असते. उघड्या हवेत ती ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण दाबलेलं असतं, आणि दाट हवेतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त दाबाची वीज लागते. म्हणून बाहेर काढलेला प्लग लोखंडाला टेकवून "करंट येतोय" म्हणणं फसवं आहे. ठिणगीची वीज बनवणारी कॉइल मेलेल्यात जमा झालेली असली तरी तिथे पास होते.

ही वीज येते कुठून? बॅटरी तर 12 व्होल्टची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी जी रचना केली, तीच मूळ कल्पना कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीतही होती. कॉइलच्या डबीत लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या तारेचं, त्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचं. सीबी पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, मिटलेला असताना जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ठिणगी तेव्हा पडत नाही, ती पडते पॉइंट उघडताना. प्रवाह तुटतो, क्षेत्र क्षणात विरतं, आणि त्या विरण्याच्या वेगामुळे बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात 3000 आरपीएमला हे सेकंदाला 100 वेळा घडतं. एवढासा पॉइंट हे सगळं सांभाळतो, याचं मला आजही नवल वाटतं.

जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात धाडकन ठोका बसतो. पॉइंट उघडताना विजेचंही तसंच होतं. प्रवाह थांबायला तयार नसतो आणि फटीतून उडी मारतो. तो ठोका झेलण्यासाठी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर लावलेला असतो. तो निकामी झाला की पॉइंट जळून काळे पडतात, प्रवाह रेंगाळत तुटतो आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी होते. कंडेन्सरही उष्णतेने बिघडतो. आतला इन्सुलेशनचा कागद गरम झाल्यावर गळका होतो आणि थंड झाला की पुन्हा साळसूद.

म्हणजे आता संशयित दोन, कॉइल आणि कंडेन्सर. पॉइंट पाहिले तर करडे, स्वच्छ होते. कॉइलला हात लावला तर चटका बसला. आता ओलं फडकं फक्त कॉइलवर ठेवलं, पंप तसाच तापलेला ठेवला. सहा मिनिटांत गाडी सुरू.

खात्री घरी आल्यावर झाली. अंगणात इंजिन सुरू ठेवून बॉनेट पाडलं. पाऊण तासाने ते बंद पडलं, तशी चावी बंद करून कॉइलच्या वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. सकाळी थंड असताना जाड वेटोळ्याचा रोध 3.2 ओहम होता. आता मीटर काहीच दाखवत नव्हता, मंडल तुटलेलं. बसल्या बसल्या दर मिनिटाला पाहत राहिलो. अकराव्या मिनिटाला आकडा थरथरला, नाहीसा झाला, आणि मग 3.7 वर येऊन थांबला. आत कुठेतरी तुटलेली दोन टोकं थंडीत एकमेकांना टेकत होती आणि तापून फाकत होती. ठणठणीत कॉइलचाही गरम असताना जोर कमी होतोच. तांबं 60 अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 23 टक्के वाढतो, प्रवाह पाचव्या हिश्शाने घटतो, आणि ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने साधारण दोन-तृतीयांशच उरते. म्हणून गाडी बंद पडल्यावर चावी ऑन ठेवून विचार करत बसू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल सोल्डरिंग आयर्नसारखी तापत राहते.

नवी कॉइल घेताना मल्टिमीटर खिशात ठेवा. दिसायला तशीच, 12 व्होल्ट लिहिलेली, पण दीड ओहमची कॉइलही दुकानात मिळते. तिला बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडावा लागतो. तो नसताना लावली तर चारच्या जागी आठ अँपिअर ओढते आणि नवे पॉइंट पाहता पाहता जाळते. आमच्या पद्मिनीला तीन ओहमचीच लागते. काउंटरवरच मोजून घेतली.